सरकारी अंजीर

परवा भर दुपारी फाटकाची कडी वाजली. मी जेवून नुकती आडवी झाले होते. बाहेर एक गृहस्थ उभे, डोक्यावर हेल्मेट तसंच. गुहागरचे, काही कामासाठी रत्नागिरीत आले होते. झाडांची हौस असलेल्या लोकांचा कुठलासा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर म्हणे कुणी माझ्या घराचा फोटो टाकून 'इथे अंजिराची रोपे मिळतात' असं लिहिलंय. कुणी टाकला, मला विचारून टाकला का, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी पडवीतल्या पिशव्यांमधली एक उचलून त्यांच्या हातात दिली. बाजारात दुधी पारखावा तशी त्यांनी ती गोल फिरवून पाहिली आणि विचारलं, "यापेक्षा मोठं नाही का? फळ धरलेलं?" नाही म्हटल्यावर तेच घेऊन गेले. जाताना फाटक उघडं टाकून गेले, हे मला गाय आत शिरून अळू खाऊन गेल्यावर कळलं. बडबडत मी फाटक लावलं आणि मनात आलं, ही माझी चिडचिड काही आजची नव्हे. शाळेत होते तेव्हापासून ती माझ्यासोबत आहे. तेव्हा तिच्याबद्दलही एकदा लिहून टाकावं.

आई सासवडकडची. बाबा रत्नागिरीत कचेरीत कारकून होते आणि वरच्या आळीतल्या एका कौलारू घराचा अर्धा भाग आम्ही भाड्याने घेतला होता. पुढे पडवी, मागे विहीर, विहिरीपलीकडे जांभ्या दगडांचा कमरेएवढा गडगा आणि त्यापलीकडे रस्ता. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन आली तेव्हा आईने आजोबांच्या मळ्यातली अंजिराची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. इथल्या जमिनीत कुदळ मारली की ठण्ण आवाज येतो, वीतभर मातीखाली सगळा कातळ. आईने विहिरीजवळ कातळातला एक खळगा हेरला. भातखाचरातली माती पाट्यांनी आणून त्यात भरली, शेण घातलं, कोळणीकडून माशांची खवलं नि आतडी मागून आणून पुरली. कोकणात अंजीर व्हायचं नाही, पहिल्या पावसाळ्यात कुजेल, असं जो तो सांगून गेला. पावसात त्याच्या पानांवर तांबेरा यायचाच. सगळी पानं गळून झाड मेल्यासारखं उभं राहायचं, आणि थंडी पडू लागली की फांद्यांना पुन्हा पोपटी डोळे फुटायचे. मला कळू लागलं तोवर ते गडग्यावरून रस्त्यावर डोकावत होतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याला जांभळट फळं धरायची. आई ती सकाळी उतरवून सुपात मांडायची आणि चांगली चांगली वाट्यांमधून आळीत जायची. पाखरांनी टोचलेली आमच्या वाट्याला. ती कापून, टोचलेला भाग काढून आई दुधात घालून द्यायची. गोड असत, खोटं का बोला, पण अख्खं अंजीर मी घरात क्वचितच खाल्लं.

आईला इथे पहिली काही वर्षं जड गेली असणार. ती ते कधी बोलली नाही, मीच आता जोडून पाहते. तिला बाजरीची भाकरी लागे आणि इथे पीठ मिळायची मारामार. ती "कालवण केलंय" म्हणाली की शेजारणीला "कालवं" ऐकू येई, आणि ही देशावरची बाई शिंपल्यातली कालवं रांधायला कधी शिकली म्हणून आळीभर हसू पसरे. तिचं "गं" आणि इथलं "गो" यांच्यात जणू एक गडगाच होता. माझी बोली अर्थात इथलीच झाली, त्यामुळे घरात आई एकटीच तशी बोलणारी उरली. अंजिरामुळे मात्र बायका विहिरीवर थांबू लागल्या. वाटी परत द्यायला येताना कुणी घावणे आणी, कुणी आमसुलं, आणि येणारी प्रत्येक जण झाडाकडे बघून म्हणे, "वहिनी, आम्हाला एक रोप द्या ना करून." आईला एवढंच हवं होतं. तिने काड्या लावायला सुरुवात केली, आणि आमच्या घराचं जे काही व्हायचं ते झालं.

घरात डबा म्हणून शिल्लक राहिला नाही. रॉकेलचे फुटके, तुपाचे गंजलेले, गोळ्या-बिस्किटांचे, सगळ्यांच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडलेली. पडवीत पाय ठेवायला जागा नाही. बाबांची सायकल आत माजघरात आली. आणि ह्या सगळ्या डब्यांना पाणी घालण्याचं काम माझं. वैशाखात आमची विहीर तळ गाठायची. राहाट कुरकुरत राहायचा आणि कळशीत निम्मं पाणी, निम्मा गाळ. मग खालच्या आळीतल्या विहिरीवरून चढण चढून पाणी आणायचं. प्यायच्या पाण्याचा एकेक तांब्या मोजून वापरायच्या दिवसांत मी लोकांच्या होऊ घातलेल्या अंजिरांना पाणी घालत होते. त्या पानांचा चीक अंगाला लागला की खाज सुटे. माझे दोन्ही हात खाजवून खाजवून लाल व्हायचे, तेव्हा आई त्यावर खोबरेल लावायची आणि म्हणायची, "तू पाणी घातलेली सगळी जगतात बघ." मला ते कौतुक नको होतं. मला खालच्या विहिरीवरून यायचं नव्हतं.

एवढं करून ती रोपं ज्यांच्या घरी जात त्यांनी त्यांचं काय केलं, हे मी शाळेच्या वाटेवरून रोज बघत होते. एकांच्या पायरीवर आमचा डबा तसाच्या तसा उन्हात, रोपाची वाळून काडी झालेली. एकांकडे डबा न्हाणीच्या दाराशी, आत चुना कालवलेला आणि अंजिराचा पत्ताच नाही. एका घरातल्या आजोबांनी रोप लावलं ते थेट ओट्याच्या पन्हळीखाली, जिथे पावसात धबधबा पडायचा. मग तेच आजोबा आमच्या दारात येऊन सांगत, "तुमचं अंजीर काही टिकाऊ नाही हो." ह्यावर आई पुन्हा दुसरं रोप द्यायची. तोंडाने फक्त, "पन्हळीपासनं जरा लांब लावा," इतकंच. मी घरात येऊन आदळआपट करायची. बाबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचे, की तुझ्या आईने रत्नागिरी तालुका अंजिरांनी भरून टाकायचा पण केलेला दिसतो. आई हसायची. तिला राग यायचाच नाही, आणि तो सगळा मलाच यायचा.

पुढे पुढे रस्त्याने जाणारी अनोळखी माणसंही गडग्यापाशी थांबू लागली. त्यातला एक माझ्या पक्का लक्षात आहे. चिपळूणच्या पुढे पोफळीला वीजकेंद्राची वसाहत आहे, तिथे नोकरीला होता. कचेरीच्या कामाने आला होता आणि एसटीला वेळ होता. त्याने आमच्या पायरीवर बसून डबा खाल्ला आणि आईला इतके प्रश्न विचारले की मला गणिताचा तासच वाटला. ऊन कुठल्या बाजूचं हवं, पाणी किती, पावसात काय करायचं, फांद्या कधी छाटायच्या. मी त्या दिवशी मुद्दाम एक किरकोळ रोप त्याच्यासाठी पुढे सरकवलं होतं. आईने ते बाजूला ठेवलं आणि भरदार निवडून दिलं. त्याने रोपाचा डबा छातीशी धरला आणि नाव न सांगता गेला.

त्याच सुमाराला सासवडचे आजोबा वारले. मामाने मळ्यातली अंजिरं काढून टाकली. त्यावरून आई आणि मामा यांच्यात काहीतरी बोलाचाली झाली असावी, कारण त्यानंतर आई सासवडला गेली नाही आणि मामाही इकडे आला नाही. एवढंच मला माहीत आहे.

मी नववीत होते त्या वर्षी पाऊस लांबला. विहिरीजवळच्या खळग्यात पाणी साचून राहिलं, निचरा होईना. पानं गळली, ती दरवर्षी गळायची, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. नवरात्रात आईने खोडाला हात लावला तर भुस्सा हातात आला. खोडकिड्याने आतून सगळं पोखरलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबांनी जरासं ढकललं आणि झाड आवाज न करता गडग्यावर आडवं झालं. आईने प्रत्येक फांदी नखाने खरवडून पाहिली, कुठे हिरवं दिसतंय का म्हणून. कुठेच नव्हतं. नेमकी त्या वर्षी पडवीतही एक रोप शिल्लक नव्हतं, गणपतीला आलेल्या पाहुण्यांनी शेवटची नेली होती. आईने फांद्या तोडून चुलीसाठी रचल्या, हात धुतले आणि मला म्हणाली, "काही हरकत नाही. इतक्या जणांकडं हाय आपलं. कुणाकडनंही एक काडी मिळंल."

दिवाळी झाल्यावर काडी मागायला आम्ही दोघी बाहेर पडलो. पहिल्या घरी अंजीर बकरीने खाल्लं होतं. दुसऱ्या घरी न्हाणी वाढवताना काढून टाकलं होतं. तिसऱ्या घरातल्या बाईंना आपण कधी आमच्याकडून रोप नेलं होतं हेच आठवेना, त्यांना वाटत होतं ते नर्सरीतून आणलं होतं, आणि ते नर्सरीतलंही मेलं होतं. पन्हळीवाल्या आजोबांनी तर आम्हालाच बसवून कोकणच्या हवेत अंजीर का होत नाही ते समजावून सांगितलं. आई सगळीकडे पाणी प्यायली, बरं म्हणाली, उठली. खालच्या आळीपर्यंत आलो तोवर मी रागाने वाटेतले दगड लाथाडत चालले होते. ज्यांच्यासाठी मी चढणीवरून पाणी आणलं त्यातल्या एकाही घरात एक पान नव्हतं.

होतं ते माईकाकूंकडे. माईकाकू आमच्या आळीतल्याच, जुन्या घरातल्या, त्यांची स्वतःची आंब्याची बाग होती. त्यांना आईने सगळ्यात आधी रोप दिलं होतं. त्यांच्या विहिरीच्या पाटाशी ते झाड मजेत उभं होतं, भरपूर फुटलेलं. आम्हाला बघून त्यांनी चहा टाकला. आईने झाड गेल्याचं सांगितलं, काडी मागितली. माईकाकू झाडाकडे बघत म्हणाल्या, "आत्ता नको हो वहिनी. आत्ता कापलं तर फळ धरत नाही. चैत्रात या." आई बरं म्हणाली. मला ठाऊक होतं, आईलाही ठाऊक होतं, की काडी घ्यायची वेळ हीच असते आणि तेवढ्याने झाडाचं काही बिघडत नाही. हे त्यांना शिकवलं होतं तेही आईनेच.

चैत्रात गेलो. झाड फळांनी लगडलेलं. माईकाकूंनी वाटीभर अंजिरं पुढे ठेवली, त्यांची सून कशी आवडीने खाते ते सांगितलं, आणि काडीचं नाव काढताच म्हणाल्या, "आता तर फळ आहे ना. भरल्या झाडाला कोयता लावायचा का?" मग, अगदी साधेपणाने, "तुमचं तर माहेरच अंजिराचं. तिथूनच आणवा की."

आईने हातातलं अंजीर वाटीत परत ठेवलं. म्हणाली, "हो, बघते." घरी येईपर्यंत मी तिच्या वाटचं सगळं बोलत आले. माईकाकू गडग्याआडून ऐकतील इतक्या मोठ्याने. आई म्हणाली नाही की गप्प बस. ती पडवीत गेली आणि रिकामे डबे एकात एक घालून रचू लागली. भोकं पाडलेले डबे, दुसऱ्या कशाच्याही उपयोगाचे नव्हते. बाबा त्या दिवशी चेष्टा करायला विसरले. रात्रीच्या जेवणाला आमटीत मीठ नव्हतं, ती तशीच सगळ्यांनी संपवली.

आज मागे वळून पाहताना मला माईकाकू तितक्या वाईट वाटत नाहीत. आळीत फक्त आपल्याकडेच आहे असं एखादं झाड असणं ही काही लहान गोष्ट नसते. आमचं पडलं तेव्हा तो मान त्यांना मिळाला. हे समजतं मला. पण समजतं म्हणून राग गेलाय, असं मात्र झालेलं नाही.

मे महिन्यात, सुट्टी लागल्यावर, आई एका सकाळी म्हणाली, "पोफळीला जाऊ." मला आधी कळेचना. मग आठवलं. बाबा म्हणाले, "नाव माहीत नाही, खोली माहीत नाही, आणि निघालात?" आई म्हणाली, "त्यानं विचारलं होतं ना इतकं. तो लावणारा माणूस होता." भाकरी, कांदा, शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली, एक जुनं लुगडं पिशवीत घातलं आणि आम्ही चिपळूणची गाडी धरली. तिथून दुसरी. मी खिडकीत बसून मनातल्या मनात हिशोब मांडत होते की तिथेही बकरी असणार, नाहीतर पन्हळ.

पोफळीची वसाहत म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी एकसारख्या पिवळ्या चाळी, सगळीकडे एकच दार, एकच खिडकी. कुठूनतरी पाण्याचा घुमणारा आवाज येत होता. पुढच्या बाजूने विचारणार काय? म्हणून आम्ही चाळींच्या मागच्या बाजूने चालू लागलो. न्हाण्या, वाळत घातलेले कपडे, पपया, केळी, कुत्री आमच्यावर भुंकत. उन्हाने माझं डोकं दुखू लागलं होतं. आई माझ्यापुढे जवळजवळ धावत होती. आणि एका चाळीच्या टोकाला ती थांबली. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेलं, पत्र्याच्या वर गेलेलं, आमच्या झाडाच्या दुप्पट अंजीर. खालच्या फांद्यांना अजून शेवटची फळं होती.

मागच्या दारात एक बाई पापड वाळत घालत होती, हात पिठाचे. आईने विचारलं, "ह्यातली एक काडी मिळंल का?" ती म्हणाली, "एक कशाला? हव्या तेवढ्या घ्या. इथून येणारा-जाणारा नेतोच." तिनेच घरातून कोयता आणून दिला. आईने जपून विचारलं, झाड कुणी लावलं. बाई म्हणाली, "काय माहीत. आमच्या आधी इथे कोण राहत होते त्यांची बदली झाली. असेल सरकारनंच लावलेलं. सरकारी झाड आहे, कुणीही न्या."

माझं तोंड उघडलं होतं. सरकारी! आजोबांच्या मळ्यातलं, आईने फडक्यात गुंडाळून आणलेलं, माझ्या हातांना खाज आणणारं झाड सरकारी! आईने माझ्याकडे न बघता माझ्या मनगटाला धरलं आणि घट्ट धरून ठेवलं. ती बाई मोकळेपणाने सांगत होती, की काडी लावताना तिरकी लावा, एक डोळा मातीच्या वर ठेवा, पावसाच्या धारेत ठेवू नका, तांबेरा आला तरी घाबरू नका, थंडीत फुटतं. आईचीच वाक्यं होती ती. आई नव्याने शिकल्यासारखी मान हलवत ऐकत होती, मध्ये एकदा तिने, "पाणी किती घालायचं?" असंही विचारलं. मग बाईने दोन पिकली अंजिरं तोडून आमच्या हातावर ठेवली. आईने तिथेच उभ्या उभ्या अख्खं तोंडात टाकलं आणि डोळे पुसले. उन्हाने असेल असं त्या बाईला वाटलं असणार, तिने पाण्याचा तांब्या आणून दिला.

परतताना चिपळूणला गाडी बदलली. रत्नागिरीची गाडी सुटल्यावर मला राहवलं नाही. मी विचारलं, "का नाही सांगितलंस? आपलं आहे म्हणून का नाही सांगितलंस?"

आईने पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर तिला द्यावंच लागलं असतं. आता तिनं आपणहून दिलं."

ते मला तेव्हा पटलं नाही. आजही मी फाटक लावताना स्वतःशी हे वाक्य म्हणून बघते आणि दर वेळी अर्ध्यावर येऊन अडते. कुणाला तरी कळायला हवं होतं की हे कुठून आलं. निदान त्या एका बाईला तरी.

आई मान मागे टेकून डोळे मिटून बसली. ओल्या लुगड्यातला काड्यांचा भारा मी मांडीवर घट्ट धरला होता. सावर्ड्याला फणसाची पाटी घेऊन एक बाई चढली आणि पाटी पायाशी सरकवून आमच्या बाकावर टेकली. जरा दम खाऊन तिने लुगड्याच्या टोकातून बाहेर आलेल्या काड्यांना बोट लावलं.

"कसल्या गो ह्या काठ्या, बाय?"

"आमच्या आहेत," मी म्हटलं.

आई डोळे न उघडता म्हणाली, "अंजिराच्या हायत. लावायला हवी का तुम्हाला?"

"आमच्यात होईल काय?"

"होईल की. विजू, दे त्यांना एक."

मी ऐकलं नाही असं दाखवून बाहेर बघितलं. गाडी एका वळणावर झुकली, सरळ झाली. ती बाई माझ्याकडे बघत हात पुढे करून बसली होती. शेवटी मी लुगडं सैल केलं, आत चाचपून सगळ्यात बारीक काडी काढली आणि तिच्याकडे धरली.

आईने डोळे उघडले.

"ती नको," ती म्हणाली. "बारकी जगत नाही. जाड दे."